हॅलोकाकांचा हात

गल्लीत त्यांना सगळे हॅलोकाका म्हणत. पोरंसोरं म्हणत, तशी त्यांच्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेली माणसंही म्हणत. उभं आयुष्य माइकसमोर "हॅलो, हॅलो, चेक" म्हणण्यात गेलेल्या माणसाला दुसरं म्हणणार तरी काय? कोपऱ्यावरचा न्हावी म्हणायचा, "काका एवढी वर्षं हॅलो करतायत, पण पलीकडून अजून कुणी उचलला नाही." खरं नाव ठाऊक असलेलं घरात एकच माणूस, थोरली बहीण. आणि ती त्यांना "अरे" म्हणून हाक मारायची. त्यामुळे ते नाव जवळजवळ कोरंच राहिलं होतं.

बहीण निवृत्त नर्स. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणे, काका तेवढे ताई म्हणत. आईवडील लवकर गेले तेव्हा काका शाळेत होते. ताई नोकरीला लागली, भावाला वाढवलं, त्याचं लग्न केलं, आणि पुढे भावजय आजारी पडली तेव्हा तिचं सगळं शेवटपर्यंत आपल्या हातांनी केलं. स्वतःच्या लग्नाचं विचारलं की म्हणायची, "रजा मंजूर झाली नाही." आता घरात दोघंच होती. पुढच्या खोलीत काकांचं दुकान, म्हणजे माइक, बॉक्स, भोंगे आणि वेटोळी घालून खिळ्यांना टांगलेल्या वायरी, मागे स्वयंपाकघर आणि ताईची खोली, वर काका.

काही वर्षांपूर्वी ताईच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ गेली, पण जाताना आवाज घेऊन गेली. उरला तो बंद दारापलीकडून यावा तसा. जिच्या एका हाकेसरशी वॉर्डातले डॉक्टर पळत यायचे, तिला आता स्वयंपाकघरातून काकांना हाक मारायची तर ताटावर चमचा वाजवावा लागे.

काका माइक-बॉक्स भाड्याने द्यायचे आणि चालवायला स्वतः बसायचे. या धंद्यात माणसाने दिसू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. माइक नीट चालला तर टाळ्या वक्त्याला, बिघडला तरच लोक मागे वळून माइकवाल्याकडे बघतात. काकांकडे फारसं कुणी वळून पाहिलेलं नव्हतं, आणि याचा त्यांना मनातून अभिमान होता.

त्यांच्या हाताला आणखी एक गुण होता. एखादा बोलणारा आवरता आवरत नसला की बाकीचे माइकवाले बटण फट्‌दिशी बंद करत. ठक्क असा आवाज येई, सभेला कळे की माइक तोडला, मग खुर्च्यांची फेकाफेक. काकांची रीत निराळी. दोन बोटांनी ते आवाजाचं बटण असं हळूहळू मागे आणत, की बोलणाऱ्याला वाटावं आपलाच घसा बसला. तो खाकरे, पाणी पिई आणि ओशाळून खाली बसे. कुणावर आळ नाही, कुणाचा राग नाही.

नगर कार्यालयाच्या सभा काकांना मिळाल्या त्या या गुणावरच. त्या वेळचे मोठे साहेब तोंडाने कुणाला गप्प करत नसत. समोरचा नको त्या गोष्टीत शिरला की ते शांतपणे चष्मा काढून टेबलावर ठेवत. पहिल्या सभेत शिपायाने येऊन कानात सांगितलं होतं, "चष्मा काढला की आवाज खाली." पुन्हा सांगावं लागलं नाही. पाण्याच्या सभा झाल्या, कचऱ्याच्या झाल्या, रस्तारुंदीच्या झाल्या. साहेबांचा हात चष्म्याकडे जाई, काकांचा बटणाकडे. त्यात काही वावगं आहे असं काकांना कधी वाटलं नाही. सुऱ्या विकणारा थोडंच विचारतो, घेणारा काय चिरणार?

एकदा कसल्याशा सभेला ताई येऊन बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "तुझ्या सभेत सगळ्यांचेच घसे कसे रे बसतात? गोळ्या वाटू का पुढच्या खेपेला?" काका हसले होते. ती चेष्टा त्यांना पुढे फार वर्षांनी आठवायची होती.

मग मेट्रो आली. म्हणजे गाडी नव्हे, तिची बातमी. नगर कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर मोठा रंगीत नकाशा लागला. आमचा मार्ग, आमचं स्टेशन असं म्हणत लोक बोटं ठेवून बघू लागले. गल्लीसमोरच्या रस्त्यावर स्टेशन येणार होतं आणि त्याचा जिना पलीकडच्या बंद पडलेल्या बर्फ कारखान्याच्या आवारात उतरणार होता. तिथे भटकी कुत्री आणि गंजलेले पाइप यांशिवाय कुणी राहत नव्हतं. गल्ली खूश. न्हाव्याने तर नवा मोठा आरसा बसवून घेतला. "गाडी चुकली की माणूस दाढी करून घेणार," असा त्याचा हिशेब. लेखी हरकतींसाठी मुदत दिली होती. ती आली आणि गेली. हरकत कशाला घ्यायची?

मुदत संपल्यावर ताई हयातीचा दाखला द्यायला नगर कार्यालयात गेली. आपण जिवंत आहोत हे पेन्शनवाल्यांना दर वर्षी पटवून द्यावं लागतं. बाकावर बसली असता पिण्याच्या पाण्याच्या मशीनमागे तिला एक कागद अर्धवट दिसला. मान वाकडी करून पाहिलं तर तोच नकाशा, पण तोच नव्हे. बर्फ कारखान्याची जागा पांढरी राहिली होती आणि जिना रस्ता ओलांडून अलीकडे आला होता, त्यांच्या गल्लीच्या तोंडावर. आठ-दहा घरांवर तिरक्या रेघा मारल्या होत्या. तिसरं घर त्यांचं.

तिने कारकुनाला जवळ बोलावून विचारलं, "हा कधी लावला?"

"लावलाय ना बाई. लावणं आमचं काम, वाचणं तुमचं."

"पाण्याच्या मशीनमागे?"

"मग काय करू? भिंत वाढवू?"

त्या संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानात गल्ली जमली. नव्या आरशात सगळ्यांचे पडलेले चेहरे दुप्पट दिसत होते. लेखी हरकतीची वेळ गेली होती. उरली होती जनसुनावणी. सूचनेत एक कलम होतं : सुनावणीत जो प्रश्न विचारला जाईल आणि इतिवृत्तात नोंदला जाईल, त्याला लेखी उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या जागेला हात लावता येणार नाही. इतिवृत्त म्हणजे सभेचा अधिकृत वृत्तांत. तो काकांच्या माइकच्या मशीनवरून वायर घेऊन जे रेकॉर्डिंग होई, त्यावरून लिहीत. बोलणाऱ्याचं नाव आधी द्यावं लागे, आणि एका गल्लीचा एकच माणूस.

"प्रश्न सोपा आहे," ताई म्हणाली. सगळे पुढे झुकले, कारण तिचं ऐकायला झुकावंच लागे. "जिना कुणी हलवला आणि कशासाठी? पाहिलं मी, विचारणार मी."

न्हावी चाचरला. "सिस्टर, तुमचा शब्द आम्हाला मान्य. पण तुमचा आवाज..."

"आवाज नाही, पण भावाकडे माइक आहे ना!"

सगळे हसले. माइक घरचाच, मग काळजी कसली, असं म्हणत उठले.

सुनावणीच्या आधी काकांनी ताईला दुकानात उभं करून तालीम घेतली. चांगल्यातला माइक काढला. तोंडापासून किती लांब धरायचा, बटण कुठवर न्यायचं, जाड आवाज किती, बारीक किती, सगळं पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. एका जागी ते बरोबर जमलं. ताई नेहमीसारखं पुटपुटली आणि बॉक्समधून तिचा जुना, वॉर्डातला खणखणीत आवाज बाहेर आला. ती दचकलीच.

"अगंबाई! ही मीच की रे!"

मग तिने उगाचच तापमान, नाडी, कुणाकुणाची जुनी नावं मोठ्याने म्हणून घेतली. काकांनी बटणाशेजारी खडूची खूण केली. हीच ताईची जागा.

सुनावणी नगर कार्यालयाच्या सभागृहात होती. काका नेहमीसारखे भिंतीशी मशीन घेऊन बसले. जुने मोठे साहेब निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी आलेल्या साहेबांबरोबर काकांची ही पहिलीच सभा. साहेब तरुण होते, पाठीमागच्या पडद्यावर चित्रं दाखवत होते, प्रत्येकाला "बोला, बोला" म्हणत होते. चष्मा मात्र यांनाही होता.

ताईचं नाव पुकारलं. ती इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात सावकाश पुढे गेली. काकांनी बटण खडूच्या खुणेवर नेलं.

"मी निवृत्त नर्स आहे," सभागृहभर तिचा आवाज घुमला. गल्लीतली माणसं एकमेकांना कोपरं मारू लागली. "मला फार बोलता येत नाही, म्हणून एकच प्रश्न आणलाय."

लोक कौतुकाने हसले. साहेबही हसले आणि पुढे सरसावून बसले.

"पहिला नकाशा सगळ्यांनी पाहिला. त्यात स्टेशनचा जिना..."

साहेबांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

काकांचे डोळे चष्म्यावर होते आणि हात बटणावर. या दोहोंच्या मध्ये काका कुठेच नव्हते. दोन बोटं आपली वाट चालू लागली, हळूहळू, मऊपणे, वर्षानुवर्षं चालत आली तशी. ताईचा आवाज पातळ झाला, मग धुक्यासारखा झाला, मग नुसते ओठ हलू लागले. रेकॉर्डिंगच्या यंत्रावरची हिरवी पट्टीही खाली खाली गेली.

ताई थांबली. खाकरली. पुन्हा ओठ हलवले. मग तिचा हात गळ्याकडे गेला, ऑपरेशनच्या व्रणावर.

तो हात पाहिला आणि काका भानावर आले. त्यांनी बटण एकदम पुढे ढकललं. उभ्या आयुष्यात त्यांनी बटण असं ढकललं नव्हतं. ताईने आवाज येत नाही म्हणून माइक अगदी ओठांशी धरलेला. मशीनने अशी कर्कश शिट्टी मारली, की लोकांनी कानांवर हात ठेवले. मागे कुणीतरी मोठ्याने हसलं. ताईने घाबरून माइक टेबलावर ठेवून दिला.

आणि सगळं सभागृह मागे वळून काकांकडे बघू लागलं.

"बसा बाई आता," साहेबांचा सहायक म्हणाला. "पुढचे कोण?"

"त्यांना पाणी द्या," साहेब म्हणाले.

न्हावी उठला. "साहेब, त्यांचा प्रश्न मी विचारतो!"

"नाव दिलंय?"

"नाही, पण..."

"मग बसा. तुमच्या गल्लीची वेळ संपली."

पुढच्या गृहस्थांनी स्टेशनखाली स्कूटरसाठी जागा ठेवावी अशी सूचना केली. त्यांचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. मशीन उत्तम चाललं होतं.

परत येताना ताईच सगळ्यांची माफी मागत होती. "ऐनवेळी घशाने दगा दिला," असं प्रत्येकाजवळ जाऊन पुटपुटत होती, आणि ते ऐकायला प्रत्येकाला वाकावं लागत होतं. कुणी तिच्यावर चिडलं नाही. अर्ध्या गल्लीने तिच्या हातची इंजेक्शनं घेतलेली. शेजारीण गरम पाण्याचा थर्मास घेऊन आली. न्हावी म्हणाला, "सिस्टर, मनाला लावून घेऊ नका. आपलं नशीबच घसा बसलेलं." काका वायरी गुंडाळत मागून चालले होते. सांगायचं वाक्य तोंडापर्यंत येई आणि परत जाई.

इतिवृत्त या वेळी दर्शनी भिंतीवरच लावलं होतं. स्कूटरवाल्या गृहस्थांच्या नावापुढे होतं : "सूचना नोंदवून घेतली." त्याच्या वर होतं : "एक ज्येष्ठ महिला. आवाज अस्पष्ट. प्रश्न नाही."

काका कारकुनापुढे जाऊन उभे राहिले. "हे दुरुस्त करायचंय. त्यांचा आवाज बरोबर होता. मीच कमी केला."

कारकुनाने वर पाहिलं. "तुम्ही आलात कोण म्हणून? हरकतवाले की माइकवाले?"

"दोन्ही."

"दोन्ही चालत नाही. हरकतवाले असाल तर मुदत गेली. माइकबद्दल तक्रार असेल तर ती माइकवाल्याविरुद्ध करा."

"करतो की."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमचीच तक्रार तुमच्यावर? काका, घरी काही झालंय का? चहा घ्या, बसा."

काका बसले नाहीत. तेव्हा कारकुनाने त्यांना साहेबांकडे पाठवलं, बहुधा आपल्या टेबलावरून जावेत म्हणून.

साहेबांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. काका म्हणाले, "साहेब, तुम्ही चष्मा काढलात, म्हणून मी आवाज खाली घेतला."

"चष्मा?" साहेबांना काही उमजेना. काकांनी जुन्या साहेबांची रीत सांगितली. ऐकता ऐकता साहेबांचा चेहरा उतरत गेला.

"अहो, माझा नंबर लांबचा आहे. जवळचं बघायला मला चष्मा काढावा लागतो. त्या बाई जिना म्हणाल्या, म्हणून मी टेबलावरचा नकाशा बघत होतो."

काका हाताच्या बोटांकडे बघत राहिले.

"जिना का हलला हे मलाही ठाऊक नाही," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "मी इथे आलो तेव्हा तो हललेलाच होता. कुणी विचारलं असतं तर मला वर विचारता आलं असतं. आता इतिवृत्त वर गेलं. प्रश्नच नाही म्हटल्यावर मी उत्तर कशाचं मागू?"

"मी लिहून देतो, साहेब."

"द्या." साहेबांनी कागद पुढे केला. काकांनी चूक माझी आहे, सुनावणी पुन्हा घ्यावी, एवढं लिहिलं. त्याचं उत्तर आलं, तेही वेळेवर : अर्ज नोंदवून घेतला आहे, आणि यापुढे ध्वनिव्यवस्थेचं काम दुसऱ्याकडे सोपवण्यात येत आहे.

ते उत्तर खिशात ठेवून काका घरी आले. ताई उशांचे अभ्रे घड्या करत बसली होती. काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, चष्म्यापासून शिट्टीपर्यंत. घड्या घालणारे हात थांबले नाहीत, फक्त हळू झाले.

"म्हणजे एवढी वर्षं त्या सगळ्या लोकांचे घसे..."

"हो."

ताईने एक अभ्रा उलगडला, पुन्हा त्याच घडीवर घातला.

"या वयात मला तुला मारता येत नाही," ती म्हणाली. काका वाकले होते, म्हणून त्यांना ऐकू आलं. "आणि हे गल्लीत कुणाला सांगू नकोस."

"सांगायला पाहिजे, ताई."

"सांगून जिना परत जाणार आहे? माझा घसा बसला म्हणून लोक थर्मास घेऊन येतात. तुझं कळलं तर तुझ्याकडे कोण येईल? मी काय जन्माला पुरणार आहे?"

काकांनी सांगितलं नाही. घरं रिकामी करायची वेळ आली तेव्हा न्हाव्याने आपला मोठा आरसा पाठीवर घेतला, आणि आरशात मागची गल्ली हलत हलत लांब गेली. जाताना तो ताईला म्हणाला, "सिस्टर, घशाची काळजी घ्या." ताईने मान हलवली. काकांनी मान वळवली.

काका आणि ताईने मागच्याच रस्त्याला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. धुळीमुळे तिथे कुणी राहायला तयार नव्हतं, म्हणून मिळाल्या. ताईच्या खोलीची खिडकी त्यांच्याच जुन्या घराच्या जागेवर उघडत होती. तिथे आता पत्र्याचं कुंपण होतं आणि आत दिवसभर खोदाई चाले. त्या आवाजात ताटावरचा चमचाही पलीकडच्या खोलीत ऐकू येईना.

मग काकांनी एक दिवस चांगल्यातला माइक ताईच्या उशाशी बसवला आणि बॉक्स आपल्या खोलीत टांगला. मशीन मात्र ताईच्या बाजूला ठेवलं, तिचा हात पोचेल असं.

"बटण तुझ्याकडे," ते म्हणाले. "मी हात लावणार नाही."

ते आपल्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने बॉक्स खरखरला आणि त्यातून ताईचा जुना आवाज आला.

"हॅलो. हॅलो. चेक."

काकांना हसू आलं. "येतंय, ताई!" ते ओरडले. पण त्यांचं तिला ऐकू गेलं नसावं. तिने आणखी काही म्हटलं नाही. माइक तेवढा चालूच राहिला, उघड्या खिडकीशी. बॉक्समधून खोदाईचा आवाज येऊ लागला. काँक्रीट फुटत होतं, दगड टोपल्यात पडत होते, मशीन एकाच जागी पुन्हा पुन्हा ठोकत होतं. काकांना ती जागा ठाऊक होती.

त्यांची दोन बोटं मांडीवरून उचलली गेली आणि तिथेच थांबली. आवाज कमी करायचं बटण पलीकडच्या खोलीत होतं.